क्युबलेटची सेटिंग दर अपग्रेडनंतर जुन्यावर का जाते? वर्कर नोडचं कॉन्फिगरेशन नेमकं कुठे बदलायचं

"सर, वर्कर-४ परत डिस्क प्रेशर दाखवून राहिला."

सोमवारी सकाळी सव्वानऊला आमच्या ज्युनियरचा हा फोन आला तेव्हा मी तर्री पोह्याच्या ठेल्यावर होतो. प्लेट हातात आली होती, तर्री अजून वाढायची होती. वाक्यातला 'परत' हा शब्द ऐकूनच भूक गेली, कारण वर्षभरातली ही तिसरी वेळ होती. तिन्ही वेळा आदल्या शनिवार-रविवारी आम्ही क्लस्टर अपग्रेड केलेला होता आणि तिन्ही वेळा सोमवारी नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांत गाड्या भरून उभ्या होत्या, पण बिल्टी छापली जात नव्हती.

आधी आमचा पसारा सांगतो. परसोडीच्या आयटी पार्कच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे आणि तिथेच एका खोलीत रॅक आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी, गोदामाचा स्टॉक आणि गाडीचा हिशेब असं आमचं सॉफ्टवेअर त्या रॅकवर चालतं. उबुंटूवर क्युबएडीएमने (क्लस्टर उभारायचं आणि अपग्रेड करायचं टूल) उभा केलेला कुबरनेटीसचा क्लस्टर आहे, म्हणजे कंटेनरमधलं सॉफ्टवेअर वाटून चालवणारा मशीनचा गट. त्यात तीन कंट्रोल प्लेन (क्लस्टर सांभाळणारी मशीन) आणि सहा वर्कर (प्रत्यक्ष काम करणारी). प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड, आणि त्यावर क्युबलेट नावाचा एजंट पॉड, म्हणजे कंटेनरचे गठ्ठे, चालवतो. एक जुना सोडून प्रत्येक वर्करला २४० जीबीची एसएसडी आहे. क्लाउडवर तयार क्लस्टर घेतलेल्यांना यातलं बरंच काही हाताने करावं लागत नाही. ही पोस्ट आपल्यासारख्या स्वतः रॅक सांभाळणाऱ्यांसाठी आहे. कमांड आणि फाईलची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती कशी टाइप करायची ते तुम्हाला माहीतच आहे.

आता लक्षण. अपग्रेडनंतर पहिल्या दिवशी सगळं ठीक असतं. नवीन इमेज (कंटेनर ज्यातून उभा राहतो ते पॅकेज) येत राहतात, जुन्या तशाच पडून राहतात आणि डिस्क भरत जाते. मग एखाद्या वर्करवर डिस्क-प्रेशरचा, म्हणजे जागा संपत आल्याचा, टेंट (खूण) लागतो, त्यावर नवीन पॉड बसेनासे होतात आणि जुन्यांतले काही 'इव्हिक्टेड' होतात, म्हणजे हाकलले जातात. पॉड डिस्क्राइब केला की ओळ दिसते: 'द नोड वॉज लो ऑन रिसोर्स: इफेमरल-स्टोरेज'. आमच्या इमेज जावाच्या, एकेक दीड जीबीची, म्हणून आमच्याकडे हे लवकर होतं.

पहिल्या वेळी मी उन्हावर खापर फोडलं. मे महिना होता, नागपूर पंचेचाळीसच्या घरात होतं, खोलीतला एसी धापा टाकत होता आणि एसएसडी तापून चुका करतेय असं मला मनापासून वाटलं होतं. दोन दिवस डिस्कचं तापमान मोजण्यात गेले. डिस्क ठणठणीत होती. उन्हाळ्यात नागपुरात कशाचंही कारण ऊनच असतं, त्यामुळे ही चूक मी स्वतःला माफ केली.

मग खरी जागा सापडली, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. क्युबलेटची एक सेटिंग आहे, इमेज-जीसी-हाय-थ्रेशोल्ड-परसेंट. डिस्क इतके टक्के भरली की वापरात नसलेल्या इमेज पुसायला सुरुवात करायची. डिफॉल्ट ८५ आहे. तिची जोडीदार इमेज-जीसी-लो-थ्रेशोल्ड-परसेंट, म्हणजे पुसत पुसत किती टक्क्यांपर्यंत खाली यायचं. तिचं डिफॉल्ट ८०. गंमत अशी की इमेजच्या जागेत १५ टक्क्यांपेक्षा कमी मोकळं राहिलं की क्युबलेट नोडला डिस्क प्रेशर आलं असं धरतो, आणि १५ मोकळे म्हणजे ८५ भरलेले. दोन्ही रेषा एकाच जागी. इमेजची नेहमीची साफसफाई दर पाच मिनिटांनी होते, तर इव्हिक्शनची तपासणी दर दहा सेकंदांनी. साफसफाईवाला झाडू शोधेपर्यंत चौकीदाराने गेट बंद केलेलं असतं. इव्हिक्शनवालाही पॉड हाकलण्याआधी जुन्या इमेज पुसून पाहतो, पण तोवर टेंट लागलेला असतो, आणि इमेज पुसून भागलं नाही तर पॉड जातातच.

म्हणून आम्ही ७० आणि ६० ठेवायचं ठरवलं. २४० जीबीच्या डिस्कवर १६८ जीबी भरले की पुसायला सुरुवात आणि १४४ ला थांबायचं. हा निर्णय बरोबरच होता, आजही तोच आहे. चुकली ती तो लिहायची जागा.

मी काय केलं असेल ते ओळखलंच असेल. सहाही वर्करवर एसएसएच केलं, /व्हार/लिब/क्युबलेट/ मधली कॉन्फिग.यॅमल उघडली, दोन ओळी घातल्या, क्युबलेट रिस्टार्ट केला. चार महिने काही तक्रार नाही. मग अपग्रेड, सोमवार, वाडी, फोन. फाईल उघडून बघतो तर माझ्या दोन ओळी गायब. कोणीतरी काढल्या असं वाटून मी ज्युनियरला थोडं बोललोही. त्याने शांतपणे विचारलं, "सर, मी काऊन काढीन?" बरोबर होतं त्याचं.

कारण: फाईल ही झेरॉक्स आहे

तिसऱ्या वेळी उलगडा झाला तो अपग्रेडच्याच आउटपुटमधून. वर्करवर क्युबएडीएम अपग्रेड नोड चालवलं की आधी एक ओळ येते, क्युबलेटच्या कॉन्फिग फाईलचा बॅकअप /ईटीसी/कुबरनेटीस/टीएमपी/ मध्ये घेतोय. आम्ही ही ओळ कित्येकदा पाहिली होती, वाचली कधीच नव्हती. बॅकअप कशासाठी? फाईल बदलणार आहे म्हणून. बॅकअपमधली फाईल आणि नवी फाईल डिफला लावली, तर माझ्या दोन ओळी तेवढ्या उणे.

क्युबएडीएम क्लस्टर उभारताना क्युबलेटचं कॉन्फिगरेशन क्युब-सिस्टम नेमस्पेसमधल्या (क्लस्टरमधला एक कप्पा) एका कॉन्फिगमॅपमध्ये, म्हणजे क्लस्टरमध्येच साठवलेल्या सेटिंगच्या नोंदीत, ठेवतो. त्याचं नाव क्युबलेट-कॉन्फिग. १.२४ च्या आधी नावापुढे आवृत्तीही असायची, क्युबलेट-कॉन्फिग-१.२३ अशी, जुन्या लेखात ते नाव दिसलं तर गोंधळू नका. नवीन वर्कर जॉइन होतो तेव्हा हा कॉन्फिगमॅप खाली उतरवतो आणि स्वतःच्या डिस्कवर कॉन्फिग.यॅमल म्हणून लिहितो. अपग्रेडच्या वेळी पुन्हा तेच करतो, आधीच्या फाईलवरच.

शेतीचा सातबारा माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने नाव बदललं म्हणून जमीन तुमच्या नावावर होत नाही. फेरफार तलाठ्याकडे नोंदवावा लागतो, मग नवीन उतारा काढावा लागतो. मी चार महिने झेरॉक्सवर खाडाखोड करत होतो, आणि दर अपग्रेडला तलाठी मला इमानदारीने जुना उतारा देत होता.

यातला दुसरा अर्धा भागही तितकाच नडतो. फेरफार झाला म्हणून घरातली झेरॉक्स आपोआप बदलत नाही. कॉन्फिगमॅप बदलला की वर्कर स्वतःहून काहीच करत नाहीत. पूर्वी डायनॅमिक क्युबलेट कॉन्फिगरेशन नावाची सोय होती, ज्यात नोडला एखादा कॉन्फिगमॅप दाखवून दिला की क्युबलेट स्वतःच तो उचलायचा. ती १.२२ मध्ये नापसंतांच्या यादीत गेली आणि १.२४ मध्ये क्युबलेटमधून काढूनच टाकली. अजूनही शोधलं की तिच्यावरचे लेख वर येतात आणि माणूस अर्धा दिवस त्यात घालवतो. मी घालवला.

आणि तिसरा कागद म्हणजे फ्लॅग. क्युबलेटला कमांड लाईनवर दिलेला फ्लॅग फाईलमधल्या आकड्यावर भारी पडतो. हे फ्लॅग दोन जागी दडलेले असतात: /व्हार/लिब/क्युबलेट/ मधल्या क्युबएडीएम-फ्लॅग्ज.ईएनव्ही मध्ये, आणि उबुंटू-डेबियनवर /ईटीसी/डिफॉल्ट/क्युबलेट मध्ये. कोणी दोन वर्षांपूर्वी घाईत तिथे मॅक्स-पॉड्स लिहून ठेवलं असेल, तर तुम्ही कॉन्फिगमॅपमध्ये काहीही लिहा, चालेल त्याचंच. आमच्या वर्करवर असा एक होता. कोणी लिहिला होता ते मी सांगणार नाही; अक्षर माझंच होतं.

आधी विचारा, मग बदला

फाईल वाचून निष्कर्ष काढू नका. फाईल काय म्हणते आणि चालू असलेला क्युबलेट काय मानतो यात फरक असू शकतो, कारण फाईल बदलून रिस्टार्ट राहिला असेल किंवा वरून फ्लॅग बसला असेल. चालू क्युबलेटलाच विचारायची सोय आहे:

क्युबसीटीएल गेट --रॉ /एपीआय/व्ही१/नोड्स/वर्कर-४/प्रॉक्सी/कॉन्फिगझेड

भलंमोठं जेसन येतं, ते जेक्यूमधून काढून हवे ते दोन-तीन आकडे बघायचे. डिफॉल्ट आणि फ्लॅग सगळे मिळून शेवटी लागू झालेले आकडे यात असतात. मी आता सगळ्या नोडच्या नावांवर लूप फिरवून हे एका फटक्यात छापतो. पहिल्यांदा छापलं तेव्हा सहा वर्करचे आकडे तीन प्रकारचे निघाले: चार ८५ वर, एक ७० वर (तो अपग्रेडमध्ये सुटला होता, हे आणखी वेगळंच) आणि एकाचं मॅक्स-पॉड्स ११० च्या जागी १५०.

कॉन्फिगमॅप उघडून पाहिलात तर घाबरू नका. त्यात बऱ्याच ठिकाणी शून्य दिसतं, इमेज-मिनिमम-जीसी-एज: ०एस, इव्हिक्शन-प्रेशर-ट्रान्झिशन-पीरियड: ०एस. याचा अर्थ शून्य सेकंद नसून 'काही सांगितलेलं नाही, डिफॉल्ट घ्या' असा आहे. पण शटडाउन-ग्रेस-पीरियड: ०एस याचा अर्थ मात्र खरोखर बंद. एकाच फाईलमध्ये दोन अर्थाची शून्यं. म्हणूनही कॉन्फिगझेडच खरं धरा.

दुरुस्ती

क्युबसीटीएल एडिट कॉन्फिगमॅप क्युबलेट-कॉन्फिग, नेमस्पेस क्युब-सिस्टम. आत डेटाखाली क्युबलेट नावाची एकच किल्ली आहे आणि तिच्या पोटात संपूर्ण यॅमल मजकूर म्हणून ठेवलेला. मजकूर म्हणून, हे लक्षात असू द्या. एपीआय सर्व्हर त्याचं व्याकरण तपासत नाही. तुम्ही थ्रेशोल्डचं स्पेलिंग चुकवलंत तरी 'एडिटेड' असं म्हणून तो मोकळा होतो. पुढे वर्करवरही अनोळखी शब्दाबद्दल फार तर लॉगमध्ये एक वॉर्निंग येते आणि गाडी पुढे जाते. तुम्हाला वाटतं झालं, कॉन्फिगझेड म्हणतं ८५. म्हणून एडिट करण्याआधी आहे तो कॉन्फिगमॅप एका फाईलमध्ये काढून गिटमध्ये टाका आणि बदल तिथे दुसऱ्याला वाचायला द्या.

इथेच आमच्या ज्युनियरने एक उद्योग केला, त्याच्या परवानगीने सांगतोय. त्याने फक्त हायचं ७० केलं, लो तसंच राहिलं, म्हणजे डिफॉल्ट ८०. क्युबलेट उठताना तपासतो की लो हे हायपेक्षा कमी आहे का. ८० हे ७० पेक्षा कमी नाही, त्यामुळे क्युबलेट उठला, तक्रार केली, मेला, परत उठला. सिस्टमडी त्याला दर काही सेकंदांनी उठवत राहिलं आणि नोड 'नॉट रेडी'. जर्नलसीटीएल क्युबलेटच्या नावाने उघडलं तर ओळ स्पष्ट लिहिलेली होती, कोणता आकडा कोणत्यापेक्षा कमी हवा ते आकड्यांसकट. हे आकडे जोडीनेच बदलायचे.

कॉन्फिगमॅप नीट झाल्यावर एकेका वर्करवर जायचं. आमचा क्रम असा. कंट्रोल प्लेनवरून वर्कर ड्रेन (पॉड हलवून रिकामा) करायचा, डिमनसेट (प्रत्येक नोडवर असणारे पॉड) वगळून आणि एम्टीडिरचा (पॉडच्या तात्पुरत्या फोल्डरचा) डेटा गेला तरी चालेल असं सांगून. मग त्या वर्करवर:

क्युबएडीएम अपग्रेड नोड फेज क्युबलेट-कॉन्फिग

नाव अपग्रेड असलं तरी याने आवृत्ती बदलत नाही, फक्त कॉन्फिगमॅप उतरवून फाईल नव्याने लिहिली जाते. मग सिस्टमसीटीएल रिस्टार्ट क्युबलेट. मग कॉन्फिगझेड. आकडा दिसला की अनकॉर्डन (वर्करवर पुन्हा पॉड येऊ द्यायचे), आणि मगच पुढचा वर्कर. घाई असली तरी दोन वर्कर एकदम घेऊ नका.

नुसते साफसफाईचे आकडे बदलायला ड्रेन कशाला, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, क्युबलेट रिस्टार्ट केल्याने चालू कंटेनर मरत नाहीत आणि नोड थोडा वेळ गप्प राहिला तरी त्यावरचे पॉड हलवायला क्लस्टर साधारणपणे आणखी पाच मिनिटं थांबतो. तरी मी ड्रेन करतो. ज्युनियरच्या त्या ७०-८० च्या वेळी वर्कर रिकामा होता म्हणून वाडीला कळलंसुद्धा नाही. सी-ग्रुप ड्रायव्हरसारखी (कंटेनरची सीपीयू-मेमरीची वाटणी कोणी सांभाळायची ते ठरवणारी) गोष्ट बदलत असाल तर ड्रेनला पर्यायच नाही, आणि तेव्हा कंटेनर-डीच्या (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) कॉन्फिग.टॉमलमध्येही सिस्टमडी-सी-ग्रुप ट्रू असलं पाहिजे. एकीकडे बदल आणि दुसरीकडे विसर झाला की पॉड उभेच राहत नाहीत.

ड्रेन अडकतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. आमच्या बिल्टी छापणाऱ्या पॉडची एकच प्रत होती आणि त्यावर पॉड डिसरप्शन बजेट लावलेलं, किमान एक उपलब्ध. एकातला एक कमी करायचा आणि एक शिल्लकही ठेवायचा. ड्रेन दर पाच सेकंदांनी विचारतो, बजेट नाही म्हणतं, आणि ड्रेनला डिफॉल्ट वेळमर्यादा नसते, त्यामुळे हे रात्रभर चालू शकतं. एकदा चाललंच. स्क्रिप्ट लावून मी घरी गेलो, सकाळी येऊन पाहतो तर पहिल्याच वर्करवर तीच ओळ हजारो वेळा. प्रती दोन करा, मग ड्रेन करा. बजेट काढून टाकणं हा उपाय नाही, ते लावायला आपणच गेलो होतो. ड्रेनला वेळमर्यादाही द्या.

आणि अनकॉर्डन विसरू नका. 'शेड्युलिंग डिसेबल्ड' असा एक वर्कर आमच्याकडे आठवडाभर आराम करत होता. बाकी पाच कण्हत होते आणि आम्ही सातव्या मशीनचं कोटेशन मागवत होतो.

अर्धवट इव्हिक्शन-हार्ड

हे वेगळं लिहितोय, कारण यात आम्ही सर्वांत जास्त पोळलो. वरची सगळी दुरुस्ती झाल्यावर मला वाटलं, आता कॉन्फिगमॅप हाताशी आहेच, तर मेमरीचंही बघून घेऊ. नोडवर १०० एमआय (मेबीबाइट) पेक्षा कमी मेमरी उरली तर पॉड काढायचे हे डिफॉल्ट मला फार उशिराचं वाटलं. म्हणून इव्हिक्शन-हार्डखाली मेमरी-अव्हेलेबल: ५००एमआय अशी एक ओळ घातली. बाकी डिस्कचे आकडे डिफॉल्टच ठीक आहेत, ते कशाला लिहा.

नऊ दिवसांनी वर्कर-२ ची डिस्क शंभर टक्के भरली. डिस्क प्रेशर नाही, इव्हिक्शन नाही, टेंट नाही. कंटेनर-डीला लिहायला जागा नाही, लॉग बंद, नवीन पॉड 'कंटेनर क्रिएटिंग' वर लटकलेले, आणि नोड मात्र ऐटीत 'रेडी'. नोव्हेंबर होता, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या गाड्या निघत होत्या. त्या दिवशी वाडीहून आलेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत. इमेजची साफसफाई ७० टक्क्यांना नीट चालू होती, पण डिस्क इमेजनी भरलेलीच नव्हती. एका पॉडने तात्पुरत्या फाईल लिहून लिहून भरली होती. अशा वेळी वाचवायला इव्हिक्शन असतं, आणि तेच झोपलेलं.

इव्हिक्शन-हार्डमधला एक आकडा तुम्ही लिहिलात की न लिहिलेले बाकीचे डिफॉल्टवर राहत नाहीत, शून्य होतात. म्हणजे ती राखणच उठते. डिफॉल्ट असे आहेत: मेमरी १०० एमआय, नोडएफएस (नोडची मुख्य डिस्क) १० टक्के, नोडएफएसचे आयनोड (फाईलच्या नोंदींची जागा) ५ टक्के, इमेजएफएस (इमेजची जागा) १५ टक्के, आणि नव्या आवृत्त्यांत इमेजएफएसचे आयनोडही ५ टक्के. एक बदलायचा असेल तर सगळे लिहा. कॉन्फिगझेडमध्ये हे लगेच दिसतं: इव्हिक्शन-हार्डखाली एकच ओळ दिसली, की समजा बाकीचे पहारेकरी घरी गेले. मी बदल केला त्या दिवशी कॉन्फिगझेड पाहिलं होतं, पण माझी ओळ आली का एवढंच पाहिलं.

सगळ्या वर्करना एकच माप बसत नसेल तर

वर्कर-६ आमचा जुना सर्व्हर आहे, त्याला २ टीबीची हार्ड डिस्क. त्याला ७० टक्क्यांना पुसायला लावण्यात अर्थ नाही, ६०० जीबी मोकळे ठेवून करायचं काय? इथे कॉन्फिगमॅप अपुरा पडतो, कारण तो सगळ्यांना एकच उतारा देतो. परत फाईल हाताने बदलायचा मोह इथेच होतो.

यासाठी क्युबएडीएमला १.२५ पासून सोय आहे. त्या वर्करवर एका फोल्डरमध्ये क्युबलेटकॉन्फिगरेशन.यॅमल नावाची फाईल ठेवायची, त्यात फक्त वेगळे आकडे, आणि अपग्रेड करताना --पॅचेस म्हणून ते फोल्डर दाखवायचं. कॉन्फिगमॅप उतरल्यावर हे ठिगळ त्यावर बसतं. अट एकच, दर वेळी फ्लॅग द्यायचा. विसरलात की वर्कर-६ पुन्हा बाकीच्यांसारखा. आमच्याकडे ही कमांड स्क्रिप्टमध्ये आहे, कोणाच्या डोक्यात नाही.

दुसरा रस्ता म्हणजे क्युबलेटला --कॉन्फिग-डिर असा फ्लॅग देऊन एक ड्रॉप-इन फोल्डर दाखवायचं. त्यातल्या .कॉन्फ शेवट असलेल्या फाईल नावाच्या क्रमाने मुख्य फाईलवर चढतात. १.३० पासून हे नुसत्या फ्लॅगने चालतं, त्याआधी १.२८-१.२९ ला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही लागायचं. क्युबएडीएम या फोल्डरला हात लावत नाही, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोषही. तिथे काही पडलंय हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मला पॅचेसचा रस्ता आवडतो.

लाईट गेल्यावरचं

शटडाउन-ग्रेस-पीरियडचा उल्लेख वर आलाच आहे, तर तेही उरकतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वादळात लाईट जाणार हे ठरलेलं. यूपीएस साधारण वीस मिनिटं ओढतो, मग स्क्रिप्ट वर्कर बंद करायला लागते. पॉडना नीट आवरायला वेळ मिळावा म्हणून कॉन्फिगमॅपमध्ये दोन मिनिटं लिहिली, सगळ्या वर्करवर उतरवली, कॉन्फिगझेडमध्ये दोन मिनिटं दिसलीही. तरी वादळात पॉड धडाधड पडले.

इथे कॉन्फिगझेडही पुरत नाही. मशीन बंद होताना क्युबलेटला थांबायला किती वेळ द्यायचा हे सिस्टमडीचा लॉगइनडी ठरवतो. क्युबलेट त्यासाठी /ईटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ.डी/ मध्ये ९९-क्युबलेट.कॉन्फ अशी फाईल टाकतो. पण उबुंटूचं अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज स्वतःची फाईल घेऊन येतं, तिचं नाव रोमनमध्ये 'यू' ने सुरू होतं आणि आत ३० सेकंद लिहिलेले. फाईल नावाच्या क्रमाने लागतात, शेवटची जिंकते, आणि 'यू' हा ९९ च्या नंतर येतो. क्युबलेटच्या लॉगमध्ये त्याचं रडगाणं असतं: मागितले दोन मिनिटं, मिळाले ३० सेकंद. आणि मग तो ग्रेसफुल शटडाउनच सोडून देतो, ३० सेकंदांचंसुद्धा करत नाही. उपाय म्हणजे त्या पॅकेजच्या फाईलच्याच नावाची, /डेव्ह/नल कडे बोट दाखवणारी लिंक /ईटीसी मधल्या त्या फोल्डरमध्ये ठेवायची, मग लॉगइनडी आणि क्युबलेट दोन्ही रिस्टार्ट. आम्ही हे सगळ्या मशीनवर अ‍ॅन्सिबलने करतो, कारण हे कॉन्फिगमॅपमध्ये मावत नाही.

सध्याची स्थिती अशी. कॉन्फिगमॅपची प्रत गिटमध्ये आहे आणि अपग्रेडच्या स्क्रिप्टच्या शेवटी कॉन्फिगझेडचा लूप आहे. इमेजचे दोन, इव्हिक्शनचे सगळे आणि मॅक्स-पॉड्स असे आकडे प्रत्येक वर्करचे छापतो आणि गिटमधल्याशी जुळले नाहीत तर तिथेच थांबतो. त्यानंतर दोन अपग्रेड झाले. दोन्ही सोमवारी पोहे पूर्ण खाल्ले.

मागच्या महिन्यात सातवा वर्कर खरंच घेतला. जॉइनची कमांड मारली, क्युबलेट उठला, ज्युनियरने लूप चालवला. सातव्या ओळीत ७० आणि ६०, इव्हिक्शनच्या सगळ्या ओळी जागेवर. "सर, याच्यात तर आपण काहीच नाही केलं," तो म्हणाला. त्याला ड्रॉवरमधली एक चिकटपट्टी दिली आणि सातही मशीनवर कागद लावायला सांगितला: क्युबलेटची फाईल इथे बदलू नये. वर्कर-६ वर मात्र पॅचेसच्या फोल्डरचा पत्ताही खाली लिहायला सांगितला.